भट्टीवर हात

विश्वास ही माणसाने निर्माण केलेली सगळ्यात पवित्र गोष्ट आहे, आणि आमच्या मोरावा नदीकाठच्या गावात तो कागदावर नाही, उघड्या तळहाताने दाखवायचा असतो. नव्या भट्टीत पहिल्यांदा वीज सोडायची वेळ आली, की आतले हीटर ज्याने तपासले आणि त्यांच्यावर आपला नंबर ठोकला, त्या माणसाला बोलावणं जातं. त्याने हातमोजा काढायचा, भट्टीच्या पत्र्यावर उजवा तळहात टेकवायचा, आणि मग खटका वर करायचा. माणूस उभा राहिला तर भट्टी चांगली. चौदा नंबरचा पंच, म्हणजे ठोकायचा ठसा, माझा आहे. बावीस वर्षांत मी एकोणसाठ भट्ट्यांवर हात ठेवला, एकदाही पापणी लवू दिली नाही, आणि एकदाही रबरी तळव्याच्या बुटांशिवाय गेलो नाही.

हीटरच्या आत काय असतं ते आधी सांगतो, कारण भीती तिथेच आहे. पोलादी नळी, मधोमध तारेचं बारीक स्प्रिंग, आणि दोघांच्या मध्ये ठासून भरलेली पांढरी पूड, मॅग्नेशियम ऑक्साइडची. ही पूड मोठी गुणी. उष्णतेला वाट देते, विजेला अडवते. फक्त तिला ओलाव्याचं व्यसन आहे. नळीची तोंडं उघडी राहिली की हवेतलं पाणी पीत बसते, आणि प्यायलेल्या पहारेकऱ्यासारखी मग कोणालाच अडवत नाही. वीज सरळ नळीवर येते, नळीवरून भट्टीच्या पत्र्यावर, आणि पत्र्यावर कोणाचा तरी उजवा हात असतो. म्हणून तोंडं बंद करण्याआधी हीटर सुकवणीच्या भट्टीत एकशे साठ अंशांवर सहा तास ठेवायचे. मग आमची स्मिल्का सिलिकॉन भरून तोंडं बंद करते. मग मी मेगर, म्हणजे पूड विजेला किती अडवते ते मोजायचं यंत्र, लावून एकेकाचा आकडा घेतो, जितका मोठा तितका चांगला, तक्त्यात लिहितो आणि चौदा ठोकतो. क्रम असा आहे. पॉलिटेक्निकमध्ये मी तो तीन वर्षं शिकलो.

त्या नोव्हेंबरात चोवीस हीटर तिहोमिरसाठी चालले होते. तिहोमिर बांधकामावरच्या एकचाकी हातगाड्या बनवतो, सगळ्या हिरव्या, आणि त्यांचा रंग भाजायला त्याने खोलीएवढी नवी भट्टी बांधली होती. तो माझा कूम आहे. म्हणजे माझ्या लग्नात वेदीपुढे माझ्या शेजारी तो उभा होता. आमच्याकडे सख्ख्या भावाशी कोर्टात भांडता येतं, कूमशी साधं वाकडं बोलता येत नाही. नात्यात तो देवाच्या एक पायरी खाली असतो, जेवायच्या टेबलावर एक पायरी वर.

त्याचे हीटर आठवडाभर गळक्या छपराखाली तोंडं उघडी टाकून पडले होते. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. बुधवारी ते सुकवायला जायचे होते, आणि गुरुवारी आमची स्लावा होती.

स्लावा म्हणजे घराच्या संताचा दिवस. आमच्या घराचा संत देवदूत मिखाइल, आणि पंचाईत अशी की अर्ध्या गावाचा तोच. म्हणजे अर्ध्या गावाला एकाच दिवशी डुकराचं अख्खं पिल्लू भाजून हवं असतं, आणि ते भाजून देणारे पाववाले गावात दोनच. या वर्षी माझा नंबर लागला नाही. कारखान्यातली सुकवणीची भट्टी मात्र माझ्याच ताब्यात. आत गरम हवेचा पंखा, तापमान दोन अंशांपेक्षा जास्त इकडे तिकडे होत नाही. ते यंत्र निव्वळ नळ्या सुकवायला बनवलं असेल यावर कारखान्यात कोणाचाच विश्वास नव्हता. बुधवारी दुपारी मी हीटरची ट्रॉली बाजूला सारली आणि मधल्या फळीवर अकरा किलोचं पिल्लू ठेवलं.

"स्मिल्का," मी म्हटलं, "दर तासाला बिअर शिंपड. कातडी कुरकुरली पाहिजे."

"बरं."

"आणि कोणी विचारलं तर..."

"कोण विचारणार? सगळ्यांना जेवायला बोलावलंयस."

स्मिल्काचा संत वेगळा, निकोला, डिसेंबरातला. त्यामुळे ती कामावर राहणार होती. ती बोलायला वाईट नाही, पण विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही हा तिचा धर्म.

घरी पाहुण्यांसाठी खुर्च्या मागून आणायच्या होत्या. म्हणून निघण्याआधी मी चोवीस हीटरांवर चौदा ठोकून टाकला आणि तक्ताही भरला. सहाशे वीस. पाचशे ऐंशी. सहाशे चाळीस. एकसारखे आकडे संशयास्पद दिसतात, म्हणून मध्ये एक चारशे दहा टाकला. त्या चारशे दहाचा मला अभिमान वाटला होता. शुक्रवारी येऊन खरोखर सुकवू आणि तपासू, असं मनाशी पक्कं होतं. देवाशपथ होतं.

स्लावा सुंदर झाली. मेणबत्ती नीट जळली, स्मिल्काने पहाटे पोचवलेलं पिल्लू तांब्याच्या रंगाचं होतं. तिहोमिर कातडीचा तुकडा दाताखाली धरायचा, डोळे मिटायचा आणि सगळ्या टेबलाला तो आवाज ऐकवायचा.

"कूम! ही कुठल्या भट्टीतली?"

"ओळखीच्या."

"तुझा हात लागला की वस्तू पक्की, बघ!"

शुक्रवारी मी दुपारी बाराला कारखान्यात पोचलो. स्लावा आमच्याकडे एका दिवसात संपत नाही. हीटर जागेवर नव्हते. स्मिल्काने तोंडं बंद केली होती, पेटी खिळ्यांनी ठोकली होती, आणि तिहोमिरची गाडी सकाळीच येऊन पेटी घेऊन गेली होती. वर माझा तक्ता चिकटवलेला, सहीसकट.

मी तिथे ट्रॉलीच्या कडेवर बसलो. ओली पूड बंद नळीत. आता तो ओलावा बाहेर येणार नाही, कुठेच जाणार नाही. तो माझी वाट बघत बसणार.

पुढचे पंधरा दिवस मी काय केलं? मी जेवलो, कामावर गेलो, आणि घरातल्या कुठल्याही दिव्याचं बटण दाबायला बायकोला सांगू लागलो. स्मिल्काला काही विचारायचीही सोय नव्हती. तिला विचारायचं म्हणजे तिला सांगायचं, आणि तिला सांगायचं म्हणजे कोणी तिला विचारलं तर ती सांगणार.

गुरुवारी फोन आला.

"कूम, शनिवारी दहाला भट्टी चालू करतोय," तिहोमिर ओरडला. तो फोनवर नेहमी नदीपलीकडच्या माणसाशी बोलावं तसा बोलतो. "हात घेऊन ये!"

मी फोन ठेवला आणि उजवा हात टेबलावर ठेवून बघत बसलो. बरा हात होता. पन्नास वर्षांत त्याची कधी तक्रार नव्हती.

ल्युबिंका, माझी बायको, फरसबी निवडत होती. "काय झालंय तुला? दोन आठवडे हातमोजा हरवल्यासारखा फिरतोयस."

मग मी तिला सांगितलं. तिने सगळं ऐकलं, शेंगा निवडणं थांबवलं नाही.

"मग सांग ना तिहोमिरला."

"काय सांगू? तुझ्या हीटरांच्या जागी मी डुक्कर भाजलं?"

"त्याने खाल्लं की नाही?"

"खाल्लं म्हणूनच तर सांगता येत नाही!"

"अरे, मग आजारी पड."

"मी आजारी पडलो तर तो भट्टी थांबवेल थोडीच? दुसरा कोणी हात ठेवेल."

"दुसरा कोणी ठेवेल तर..." ती म्हणाली. शेंगा निवडणं थांबलं.

शुक्रवारी मी मेगर पिशवीत घालून सहज चक्कर मारल्यासारखा तिहोमिरकडे गेलो. भट्टी पत्रे लावून बंद केलेली होती. टर्मिनलवर झाकण, झाकणाला बारा स्क्रू. मी म्हटलं, "जरा आकडे बघून घेऊ का, कूम? वाहतुकीत धक्के बसतात."

तिहोमिरने मला मिठी मारली. "तुझी सही आहे कागदावर. मी तुझी सही पुन्हा तपासू? माझ्या आईने ऐकलं तर मला घराबाहेर काढेल."

त्याने मला कॉफी पाजली आणि मेगर पिशवीतून बाहेर न येता घरी परत आला.

शनिवारी दहाला मी दोन मोजे आणि त्यावर ल्युबिंकाच्या वडिलांचे मासेमारीचे रबरी बूट घालून गेलो. नेहमीचे बूट एक बोट जाडीचे, हे दोन बोटं. तिहोमिरच्या शेडमध्ये आठ कामगार टोप्या काढून उभे होते. त्याची आई, देसांका, ऐंशी वर्षांची, काळ्या रुमालात, हातात राकियाची, म्हणजे फळांच्या दारूची, बाटली आणि बटाट्याची भरली रोटी घेऊन आली होती. नाताळाआधीचा चाळीस दिवसांचा उपास सुरू झालेला, त्यामुळे मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. कोपऱ्यात दोनशे हातगाड्या धुऊन टांगल्या होत्या, त्यांचं पाणी जमिनीवरून सगळीकडे पसरलेलं. तिहोमिर त्या पाण्यात मोज्यांवर उभा होता.

"तुझे बूट?" मी विचारलं.

"भिजले. वाळत घातलेत. चल, हातमोजा काढ."

वायरमन झिवान खटक्याच्या पेटीशी होता. तोंडात न पेटवलेली सिगारेट. मी त्याच्या जवळ जाऊन हळूच म्हटलं, "झिवान, अर्थिंग पक्कं आहे ना?"

"सळई ठोकलीय."

"आणि तार?"

"तार मंगळवारी येतेय."

"म्हणजे भट्टीला आज अर्थिंगच नाही?"

"तू आहेस ना," झिवान म्हणाला, आणि आपल्याच विनोदावर सिगारेट हलवत हसला.

माझ्या कानात बारीक शिट्टी वाजायला लागली. मी भट्टीजवळ गेलो. राखाडी पत्रा, नवा, थंड. हातमोजा काढताना बोटं एकेक करून सोडवावी लागली. डावा हात खिशात घातला, तोही एक जुना नियम आहे, म्हणजे वीज छातीतून आरपार जात नाही, असं म्हणतात. असं म्हणणारे सगळे जिवंत आहेत, एवढीच त्याची साक्ष. उजवा हात पत्र्याला टेकवला. दोन बोटं रबर, दोन मोजे. हिशेब केला, मी बहुधा वाचेन. बहुधा. एक झटका, एक शिवी, आणि हीटर वाहतुकीत खराब झाले म्हणून सांगता येईल. घाबरलेल्या माणसाचं डोकं किती नीट चालतं हे तेव्हा कळलं.

"थांब रे झिवान!" तिहोमिर म्हणाला. तो पाण्यातून चपचप आवाज करत आला, त्याने बाही वर केली आणि आपला रुंद हात माझ्या हाताला लागून पत्र्यावर ठेवला. "ही माझी पहिली भट्टी. कूम ठेवतो तिथे मीही ठेवणार."

"तू नको," मी म्हटलं.

"का नको? तुझे हीटर आणि माझी भट्टी. आई, बघ गं!"

देसांकाने छातीवर क्रॉसची खूण केली. झिवानने खटक्याला हात घातला.

मी तिहोमिरच्या पायाकडे बघितलं. राखाडी लोकरीचे मोजे, घोट्यापर्यंत भिजलेले, डाव्या अंगठ्याला भोक. त्या भोकातून अंगठा दिसत होता, आणि अंगठा खुशीत वरखाली होत होता.

"थांबा!"

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. कुणीतरी शेडबाहेरून ओरडलं असं वाटून दोन कामगारांनी दाराकडे बघितलं.

"हीटर सुकवलेले नाहीत," मी म्हटलं. "तपासलेलेही नाहीत. आकडे मी मनाने लिहिले."

छतावरून पाण्याचा एक थेंब हातगाडीत पडला, ठण्ण.

"मनाने," तिहोमिर म्हणाला. "का?"

"सुकवणीच्या भट्टीत जागा नव्हती."

"काय होतं तिथे?"

"पिल्लू."

"कुठलं पिल्लू?"

त्याच्या चेहऱ्यावर ते हळूहळू पोचताना दिसलं.

"ते?"

"ते."

"ज्याची कातडी मी तीनदा घेतली?"

"चारदा."

तिहोमिरने पत्र्यावरचा हात काढला आणि विजारीला पुसला. मग खाली बघितलं. "आणि हे बूट?"

"रबरी आहेत."

"मी ओल्या मोज्यात उभा आहे, कूम."

"म्हणून तर बोललो."

"आणि मी हात ठेवला नसता तर?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मी अजूनही कोणाला दिलेलं नाही.

देसांकाने राकियाची बाटली कामगारांच्या टेबलावरून उचलून परत पिशवीत ठेवली. त्या एका हालचालीत माझा निकाल लागला.

"झाकण काढ," तिहोमिर झिवानला म्हणाला. बारा स्क्रू निघायला जन्म गेला. मी मेगर काढला. एक चिमटा टर्मिनलला, एक नळीला. बटण दाबताना डोळे मिटले होते, म्हणून आकडा झिवानने वाचला.

"दोन हजार. काटा शेवटाला टेकलाय."

"शक्य नाही."

"दुसरा लाव."

दुसरा दोन हजार. तिसरा दोन हजार. चोवीसच्या चोवीस हीटर शेवटच्या आकड्याला टेकले. मी लिहिलेल्यापेक्षा तिप्पट चांगले. आठवडाभर पावसात पडलेली, न सुकवलेली पूड असा आकडा देऊच शकत नाही. मला पॉलिटेक्निकमध्ये तीन वर्षं हेच शिकवलं होतं. म्हणजे मेगर बिघडला होता. दुसरं काय?

"मेगर बिघडलाय," मी म्हटलं.

"कालपर्यंत चांगला होता का?" झिवानने विचारलं.

"होता."

"मग हीटर चांगले आहेत. तूच खोटा आहेस, वस्तू नाही," तिहोमिर म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. तो फोनवर ओरडायचा तेच बरं होतं. "आता ठेव हात."

"कूम..."

"आम्ही सगळे मागे सरतो. तू ठेव. बूट काढून."

मला नाही म्हणता आलं असतं. दार उघडं होतं. पण गाव लहान आहे, आणि नाही म्हणून त्या दारातून बाहेर पडलेला माणूस जाणार कुठे, तर त्याच गावात.

मी बूट काढले. मोजेही काढ म्हणाला तिहोमिर, दोन्ही जोड्या. पाणी इतकं थंड होतं की पाय आधी जळल्यासारखे वाटले. कामगार भिंतीला चिकटले. मी उजवा हात पत्र्यावर ठेवला आणि देवदूत मिखाइलला म्हटलं, तुझ्याच दिवसामुळे हे झालंय, निदान अर्धी जबाबदारी घे.

खटका वाजला.

काही नाही. पत्र्यातून बारीक थरथर, पण ती पंख्याची होती. की माझी? मी श्वास घेत नव्हतो. झिवान मोठ्याने मिनिटं मोजत होता. चार. पाच. पत्रा कोमट झाला. आठव्या मिनिटाला वास आला.

मांस भाजल्याचा वास. स्पष्ट, चरबीचा, खमंग.

मी हाताकडे बघितलं. हात तिथेच होता, पण आता तो माझा आहे की नाही याची खात्री देता येत नव्हती. विजेत असंच होतं म्हणतात, दुखत नाही, आधी वास येतो.

"हा भाजतोय!" एक कामगार किंचाळला. झिवानने खटका खाली ओढला. दोघांनी मला बगलेत धरून बाजूला ओढलं, माझा तळहात उलटा केला, सुलटा केला. गुलाबी होता. थोडा घामेजलेला.

वास मात्र येतच होता. सगळी शेड त्याने भरली होती. कामगार नकळत तोंडात आलेलं पाणी गिळत होते, आणि देसांका रुमालाने नाक दाबून म्हणत होती, "उपासात! माझ्या घरात, उपासात!"

तिहोमिर भट्टीच्या फटीला नाक लावून उभा होता. त्याने डोळे मिटले होते.

"हा वास मी ओळखतो," तो म्हणाला.

भट्टी त्या दिवशी दोन तास चालली. मला कोणी रोटी खायला बोलावलं नाही. मी बूट हातात घेऊन घरी गेलो. नंतर ल्युबिंका म्हणाली, मी ते घालायचेच विसरलो होतो.

सोमवारी मी सरळ स्मिल्काच्या टेबलाशी गेलो. ती नळ्यांच्या तोंडात सिलिकॉन भरत होती.

"तिहोमिरचे हीटर," मी म्हटलं, "त्या बुधवारी कुठे होते?"

"भट्टीत."

"भट्टीत पिल्लू होतं!"

"मधल्या फळीवर. खालची रिकामी होती. ट्रॉलीवर तुझ्याच अक्षरात कागद होता ना, एकशे साठ, सहा तास. पिल्लालाही तेवढंच लागतं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"विचारलंस कधी?" स्मिल्का म्हणाली, आणि पुढची नळी घेतली. "पिल्लाखालचा ट्रे जरा गळका होता."